बॉबिन लेसचा संच : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

बॉबिन लेस विणण्याचा प्राथमिक संच मी गेल्या दिवाळीनंतर मागवला. एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा तो फोंड्यातल्या आमच्या घरी वापरल्याशिवाय त्याबद्दल काही लिहायचे नाही, असे तेव्हाच ठरवले होते, कारण गोव्यात लाकूड, सूत आणि लोखंड यांची खरी परीक्षा जूननंतरच सुरू होते. संच परदेशी बनावटीचा असून ऑनलाइन मागवला होता. त्यात फोमची गोल, मध्यभागी किंचित फुगीर उशी, चोवीस जोड्या लाकडी बॉबिन, टाचण्यांची डबी, पांढऱ्या सुताची दोन रिळे, जाड कागदावर छापलेले काही नमुने आणि एक पातळ माहितीपत्रक एवढे साहित्य होते. किंमत पोस्टखर्च धरून साडेचार हजारांच्या घरात गेली. छंदासाठी ही रक्कम कमी नाही, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी केवळ क्रोशाची लेस पाहिली आहे त्यांच्यासाठी फरक सांगणे आवश्यक आहे. क्रोशात एक सुई आणि एकच अखंड धागा असतो. हात कुठेही थांबवता येतो आणि बसमध्ये बसूनही काम होते. बॉबिन लेसमध्ये प्रत्येक धाग्याचे टोक स्वतंत्र लाकडी बॉबिनवर गुंडाळलेले असते आणि साध्या अरुंद पट्टीसाठीही दहा-बारा जोड्या एकाच वेळी उशीवर लोंबकळत असतात. हालचाली मात्र दोनच. शेजारच्या दोन जोड्यांमधील आतल्या दोन बॉबिनपैकी डावी उजवीवरून न्यायची, हा झाला छेद. आणि प्रत्येक जोडीतील उजवी बॉबिन डावीवरून न्यायची, हा पीळ. छेद, पीळ, पुन्हा छेद असे केले की कापडासारखी घट्ट वीण उतरते. नुसता छेद आणि पीळ करत गेले की विरळ जाळी होते. नमुन्यावर टोचलेल्या भोकांत टाचण्या रोवत हे सगळे जागच्या जागी धरून ठेवायचे असते. युरोपातल्या अतिशय गुंतागुंतीच्या बॉबिन लेसही याच दोन हालचालींवर उभ्या आहेत, ही गोष्ट हाताने केल्याशिवाय पटत नाही.

माहितीपत्रकात या विणींच्या आकृत्या चांगल्या आहेत. परंतु उशी कुठे ठेवावी, किती उंचीवर ठेवावी, उजेड कोणत्या बाजूने यावा, यांविषयी त्यात एक ओळही नाही, आणि पहिल्या महिन्यात मान आणि डोळे दुखले ते याच कारणाने. ही माहिती मला अखेरीस जुन्या डच चित्रांतून मिळाली. लेस विणणारी स्त्री हा सतराव्या शतकातील डच चित्रकारांचा आवडता विषय होता आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र योहानेस फेरमेरचे आहे. ते १६६९-७० च्या सुमारास रंगवलेले असून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आकार जेमतेम २४.५ × २१ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानाहून फार मोठा नाही. फेरमेरच्या घरगुती चित्रांत उजेड बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताच्या खिडकीतून येतो; या चित्रात तो उजवीकडून येतो. ती स्त्री आपल्याकडे तोंड करून बसलेली असल्यामुळे हा उजेड तिच्या डाव्या बाजूचा ठरतो. चित्रकाराने हे का केले असावे याबद्दल अभ्यासक काहीही म्हणोत. उजव्या हाताने टाचणी रोवणाऱ्या माणसाला हाच उजेड हवा असतो, कारण त्यात हाताची सावली नेमक्या भोकावर पडत नाही. मी खुर्ची खिडकीच्या दुसऱ्या बाजूला हलवली आणि फरक त्याच दुपारी जाणवला. आमच्या शेजारच्या वयस्क ख्रिस्ती बाई, ज्यांचा हात क्रोशावर आजही माझ्यापेक्षा जलद चालतो, त्या मला पहिल्या आठवड्यापासून "उजवाडाक बस गे बाय" एवढेच सांगत होत्या. कुठल्या बाजूच्या उजेडाला, हे मात्र चित्राने सांगितले.

त्याच चित्रातील आणखी एक गोष्ट काम करू लागल्यावर वेगळी दिसू लागली. स्त्रीच्या हातांमध्ये ताणलेले दोन पांढरे धागे अगदी रेखीव आहेत, तर पुढे ठेवलेल्या शिवणकामाच्या उशीतून ओघळणारे लाल आणि पांढरे धागे सांडलेल्या रंगासारखे पुसट आहेत. कॅमेरा ऑब्स्क्युरासारख्या भिंगाच्या यंत्रातून पाहिल्याचा हा परिणाम असावा, असे अनेकदा म्हटले गेले आहे आणि त्यावर वादही आहेत. मला स्वतःला त्यात यंत्रापेक्षा कामाचा अनुभव अधिक दिसतो. अर्धा तास एकाच टाचणीच्या टोकाकडे पाहिल्यानंतर नजर त्या बिंदूवर स्थिरावते आणि हातभर अंतरावरची कात्रीसुद्धा विरघळल्यासारखी दिसते. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी हे गांभीर्याने घ्यावे. जवळचा चष्मा पुरेसा नाही. स्टँडवर बसवलेले भिंग आणि वाकवता येणारा पांढऱ्या उजेडाचा दिवा हे दोन्ही लागतात, आणि संचाच्या किमतीत ते धरूनच हिशेब करावा. इंग्लंडच्या लेस विणणाऱ्या गावांत एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल मांडून त्यांतून एकवटलेला उजेड प्रत्येकीच्या उशीवर पाडला जात असे. पाणी भरलेल्या साध्या बाटलीने मी तो प्रयोग करून पाहिला. उजेडाचा ठिपका खरोखर पडतो. मात्र त्या ठिपक्यात रात्रीच्या रात्री काम करणाऱ्या बायकांच्या डोळ्यांचे काय होत असेल, हा विचार त्यानंतर डोक्यातून जात नाही.

उशीच्या उंचीबाबत चित्रकारांचे एकमत नाही. निकोलास मासच्या १६५६ च्या सुमाराच्या, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या चित्रात उंच खुर्चीत बसवलेल्या लहान मुलाशेजारी आई लेस विणत आहे आणि उशी तिच्या मांडीवर आहे. लंडनच्या वॉलेस संग्रहातील कास्पर नेटशरच्या १६६२ च्या चित्रातही उशी मांडीवरच आहे. मी आधी तसेच करून पाहिले. आपली फोमची उशी हलकी असल्यामुळे ती गुडघ्यांवर ठरत नाही. जरा पाय हलला की सगळ्या बॉबिन एका कडेला घसरतात. फेरमेरच्या चित्रात उशी समोरच्या मेजावर आहे, आणि या संचासाठी तीच पद्धत योग्य वाटते. माझे काम घरातल्या जुन्या डेस्कने भागवले. पूर्वी दिवाणजी जमिनीवर बैठक मारून हिशेब लिहीत, त्यासाठीचे उतरत्या झाकणाचे हे बैठे फणसाचे डेस्क आहे. त्याच्या उतारावर उशी ठेवली की बॉबिन आपल्या वजनाने धागे ताणून धरतात आणि वीण आपोआप एकसारखी येते. खुर्चीवर बसणाऱ्यांनी सुताराकडून तसाच एखादा उतार करून घ्यावा. उशीचा फुलाफुलांचा अभ्रा मात्र मी लगेच काढला आणि गडद निळ्या सुती कापडाचा शिवला. पांढऱ्या धाग्याखाली गडद आणि एकरंगी पार्श्वभूमी हवी. उत्पादकाने फुले कोणाच्या हौसेसाठी छापली, हे समजत नाही.

आता पावसाळ्याविषयी. पारंपरिक उशा पेंढा ठासून भरलेल्या असतात आणि टाचणी धरून ठेवण्यात त्या फोमपेक्षा सरस मानल्या जातात, हे खरे. पण आमच्या हवेत पेंढ्याला श्रावणापूर्वीच बुरशी धरली असती. या बाबतीत फोमला पूर्ण गुण द्यावे लागतात. त्यात टाचणी घट्ट राहते, वास येत नाही, आणि मधल्या भागात भोकांमुळे जो ठिसूळपणा येऊ लागला आहे तो उशी अधूनमधून फिरवून वापरल्यास बराच लांबवता येतो. बॉबिन हलक्या रंगाच्या लाकडाच्या, बिनपॉलिशच्या आहेत. जुलैत त्यांच्या बारीक मानेवर पांढरट बुरशी दिसू लागली, तेव्हा त्या पुसून, खोबरेल तेलाचा अगदी पुसटसा हात देऊन, दिवसभर वाऱ्यावर ठेवल्या आणि नंतर कपड्यांच्या कपाटात ठेवू लागले, जिथे पावसाळाभर एक छोटा बल्ब जळत असतो. पुन्हा त्रास झाला नाही. तेल धाग्याला लागणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी.

संचातील सर्वांत वाईट भाग म्हणजे टाचण्या. त्या मुलामा दिलेल्या लोखंडाच्या आहेत आणि मुलामा इतका पातळ की दमट हवेत आठवडाभर रोवून ठेवल्यावर काही टाचण्यांभोवती धाग्यावर तांबूस ठिपके उमटले. लेसमध्ये टाचणी कामाच्या स्वरूपानुसार दिवसेंदिवस जागेवरच राहते, त्यामुळे हा दोष किरकोळ नाही. गंजाचा डाग पांढऱ्या सुतावरून जवळजवळ निघतच नाही. विक्रेत्याला लिहिले तर टाचण्या कोरड्या जागी ठेवाव्यात असे उत्तर आले. कोरडी जागा आणि जुलै या दोन गोष्टी गोव्यात एकत्र सापडत नाहीत, हे त्यांना कोण समजावणार? पितळी बारीक टाचण्या वेगळ्या मागवल्या आणि प्रश्न सुटला. पूर्वीच्या लेस विणणाऱ्या बायकाही पितळीच टाचण्या वापरत.

धाग्याच्या बाबतीत मात्र पावसाळ्याने सुखद धक्का दिला. संचातले सूत मऊ आहे आणि ओलसर हवेत ते सैल पडते, म्हणजे सकाळी ताणलेली वीण संध्याकाळी ढिली वाटते. सरावासाठी बाजारात सहज मिळणारा क्रोशाचा २० नंबरचा धागा त्यापेक्षा बरा, कारण त्याला पीळ घट्ट असतो. फक्त त्यासाठी नमुना मोठा करून घ्यावा लागतो. पण बारीक लिनन धागा मे महिन्यातल्या पंख्याखाली कडक वागत होता आणि गाठीशी तुटत होता, तोच जूनच्या मध्यानंतर लवचीक झाला. जुन्या काळी फ्लँडर्समध्ये, म्हणजे मुख्यतः आजच्या बेल्जियमच्या भागात, सर्वांत तलम लिनन सूत मुद्दाम ओलसर तळघरांत कातले जात असे, कारण कोरड्या हवेत ते तुटते. आपल्या हवेला एरवी आपण कितीही नावे ठेवत असलो तरी लिननसाठी ती उत्तम आहे.

उशीच्या आकाराविषयी एक तक्रार राहते. चपट्या गोल उशीवर वीतभर पट्टी झाली की काम कडेला पोहोचते; मग सगळ्या टाचण्या काढून, बॉबिन बांधून, लेस पुन्हा वर सरकवावी लागते, आणि या उलाढालीत ताण हमखास बिघडतो. पोर्तुगालमध्ये विला दो कोंद आणि पेनिश या समुद्रकाठच्या गावांत बॉबिन लेसची जुनी परंपरा आहे, आणि जिथे मासेमारीची जाळी तिथे लेस, अशी तिकडे म्हणच आहे. तिथली उशी लोडासारखी लांबट गोल असते आणि लाकडी घोडीवर ठेवलेली असते. काम पुढे जाईल तशी ती फिरवायची, म्हणजे पट्टी कितीही लांब होऊ शकते. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलानंतरही माझ्या पाहण्यातल्या गोव्यातील घरांत बॉबिन दिसत नाहीत, क्रोशाच दिसतो; वेदीवरच्या वस्त्रांच्या कडा, पाद्रींच्या पांढऱ्या झग्याची झालर, आणि आमच्याकडच्या रुखवतातील रुमालसुद्धा. याचे कारण मला तरी व्यावहारिक वाटते: सुई खिशात मावते, उशी आणि घोडी मावत नाही. भारतात बॉबिन लेस टिकली ती मुख्यतः दक्षिणेत, नागरकोविलच्या परिसरात, जिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनरी स्त्रियांनी ती शाळांतून शिकवली.

चित्रांनी बसायला शिकवले हे खरे. पण एका बाबतीत ती दिशाभूल करतात आणि नवशिक्याने ते आधीच जाणून घेतलेले बरे. फेरमेरच्या चित्रात तयार होणारी लेस दिसतच नाही. दिसतात ते हात आणि झुकलेले डोके. याउलट, लेस अंगावर चढली की चित्रकारांना तिचा प्रत्येक टाका दिसू लागतो. फ्रान्स हाल्सच्या १६२४ च्या हसऱ्या सरदाराच्या चित्रातील मनगटावरची लेस पाहावी. विणणारीला ते घरंदाजपणाचे आणि उद्योगीपणाचे प्रतीक म्हणून पाहत, आणि खरेदीदारालाही भिंतीवर तेच हवे होते. त्यामुळे मासच्या चित्रातल्यासारखे शेजारी मूल बसवून शांतपणे लेस विणता येते, असा समज होतो. मूल सोडाच, मांजर घरात असेल तरी लोंबकळणाऱ्या बॉबिन झाकून ठेवल्याशिवाय उठता येत नाही. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहातील वासिली त्रोपिनिनच्या १८२३ च्या चित्रातील तरुणी तर काम करता करता आपल्याकडे पाहून मंद हसते. बॉबिन हातात असताना मान वर करून हसणे मला अजून जमलेले नाही. चार जोड्यांतली कोणती कोणावरून गेली, हे तेवढ्या वेळात निसटते. इंग्लंडच्या लेस शाळांत पाच वर्षांची मुले दिवसभर याच कामाला बसवली जात. त्या खोल्या या चित्रांत कुठेच नाहीत.

वेगाचे म्हणाल, तर तोर्शों या बॉबिन लेसच्या साध्या प्रकारातील दोन बोटे रुंदीच्या पट्टीचे एका निवांत संध्याकाळी माझ्याकडून बोटभर काम होते. साडीला किंवा टेबलक्लॉथला काठ लावायचा हेतू असेल तर हा संच घेऊ नये. बाजारात यंत्रावरची लेस मीटरवर मिळते. ज्यांचा क्रोशावर हात बसला आहे, ज्यांना मोजून काम करण्याचा कंटाळा नाही आणि ज्यांच्याकडे दुपारी दोन तास कोणी न हलवणारी जागा आहे, त्यांनी जरूर घ्यावा. मात्र पूर्ण संचाऐवजी उशी आणि बॉबिन सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्याव्यात, फोमची लोडासारखी फिरती उशी मिळाली तर तिलाच पसंती द्यावी, आणि वाचलेल्या पैशांत पितळी टाचण्या व लिननचे एक रीळ आणावे. ऑर्डर पावसाच्या तोंडावर देऊ नये. माझे पार्सल कोरड्या दिवसांत आले, तरी डबीतल्या काही टाचण्या आधीच काळवंडलेल्या होत्या.