दाखल रुग्णासाठी रुग्णालय निवडताना: व्हिजिटवर येणारे तज्ज्ञ की पूर्णवेळ फिजिशियन?

सोलापुरात घरातल्या माणसाला दाखल करायची वेळ आली की आपण बहुधा डॉक्टरांच्या नावावरून रुग्णालय ठरवतो. अक्कलकोट, बार्शी, तुळजापूर किंवा सीमेपलीकडच्या इंडीहून येणारे नातेवाईकही तेच करतात. नाव महत्त्वाचे आहेच. मात्र ते डॉक्टर दिवसातून किती वेळ रुग्णालयात असतात आणि ते नसताना उपचार बदलण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न फारच क्वचित विचारला जातो.

बहुतेक लहान नर्सिंग होममध्ये तज्ज्ञ आपली ओपीडी आणि इतर रुग्णालयांतील व्हिजिट सांभाळून सकाळ-संध्याकाळ राउंड घेतात. मधल्या वेळात आरएमओ (रुग्णालयात ड्युटीवर असलेले डॉक्टर) आणि सिस्टर रुग्णाकडे पाहतात. हे आरएमओ अनेक ठिकाणी बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात आणि मोठा निर्णय ते तज्ज्ञांना फोन करूनच घेतात. दुसऱ्या व्यवस्थेत मेडिसिनमधील एमडी झालेले फिजिशियन पूर्णवेळ रुग्णालयातच, पाळीपाळीने, केवळ दाखल रुग्णांसाठी काम करतात. अमेरिकेत रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी १९९६ साली अशा डॉक्टरांना ‘हॉस्पिटलिस्ट’ म्हटले. आपल्याकडे हे नाव फारसे रुळलेले नाही, त्यामुळे चौकशी करताना ‘पूर्णवेळ फिजिशियन आहेत का’ असेच विचारावे.

समजा, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या आजींना न्यूमोनिया झाला आहे. संध्याकाळच्या राउंडला त्यांचा श्वास मिनिटाला २० होता. रात्री एक वाजता सिस्टर मोजतात तेव्हा तो २८ भरतो, ऑक्सिजन ९४ वरून ८९ वर आलेला असतो आणि लघवी कमी झालेली असते. पहिल्या व्यवस्थेत हे आकडे आरएमओमार्फत फोनवर तज्ज्ञांपर्यंत जातात, आणि ज्यांनी आजींना त्या क्षणी पाहिलेले नाही त्यांना तेवढ्यावर निर्णय द्यावा लागतो. अनुभवी तज्ज्ञ तो बऱ्याचदा बरोबर देतात, गरज वाटल्यास स्वतः धावूनही येतात; तरीही मधे वेळ जातो. दुसऱ्या व्यवस्थेत फिजिशियन स्वतः छाती तपासतात, ऑक्सिजन वाढवतात, आयसीयूत हलवायचे की नाही ते तिथेच ठरवतात आणि बाहेर बसलेल्या मुलाला समोरासमोर सांगतात.

साखरेचेही तसेच आहे. आजारपणात ती एरवीपेक्षा वाढते म्हणून इन्सुलिन वाढवले जाते; दुसऱ्या दिवशी आजी दोन घास खाऊन ताट परत करतात आणि डोस मात्र कालचाच राहिला, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. हे टाळायला निष्णात नाव लागत नाही. जेवण, तपासणी आणि इंजेक्शन या तिन्हींवर दिवसभर एकाच जाणत्याची नजर लागते. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांनाही याच कारणाने अस्थिरोगतज्ज्ञांइतकीच फिजिशियनची गरज असते.

पूर्णवेळ व्यवस्थेची उणीवही तितकीच खरी आहे. पाळी बदलली की डॉक्टर बदलतात, आणि त्यांतल्या कोणालाही आजींना वीस वर्षांपूर्वी कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली होती हे ठाऊक नसते. ते फॅमिली डॉक्टरांना ठाऊक असते. अमेरिकेतील २००७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात हॉस्पिटलिस्टांकडील रुग्णांचा मुक्काम किंचित कमी भरला, पण मृत्यूच्या किंवा पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनीच रुग्णालयात पाहिलेल्या ज्येष्ठांमध्ये तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. तिथली आरोग्यव्यवस्था वेगळी आहे, त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे सोलापूरला लावता येणार नाहीत. तरी ओळखीच्या डॉक्टरांना बाजूला सारू नये, एवढे त्यांतून नक्की घेता येते.

आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तिसरी पद्धत आहे. तिथे प्रत्येक युनिटला वरिष्ठ प्राध्यापक असतात आणि निवासी डॉक्टर रात्रंदिवस वॉर्डात असतात. गर्दी मोठी असते आणि नातेवाईकांना पळापळ करावी लागते. परंतु रात्री डॉक्टर हजर असण्याच्या बाबतीत ते अनेक खासगी रुग्णालयांपेक्षा उजवे आहे, आणि केवळ ते सरकारी आहे म्हणून त्याला कमी लेखणे मला योग्य वाटत नाही.

माझे मत असे की, ठरवून केलेली लहान शस्त्रक्रिया किंवा एकाच अवयवाचा साधा आजार असेल आणि तज्ज्ञ विश्वासाचे असतील, तर व्हिजिटची व्यवस्था पुरेशी आहे. वय जास्त, आजार एकाहून अधिक आणि प्रकृती तासातासाला बदलणारी असेल, तर पूर्णवेळ फिजिशियन असलेले रुग्णालयच निवडावे, मग तिथल्या पाटीवरचे नाव कमी परिचयाचे का असेना. रात्री कोण असते, त्यांची पदवी काय आणि ते स्वतः औषध बदलू शकतात का, हे अनामत भरण्याआधीच विचारावे. तज्ज्ञांच्या प्रत्येक व्हिजिटचे शुल्क बिलात वेगळे लागते का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

दाखल करताना जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत व फॅमिली डॉक्टरांचा फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्यावा. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर कोणती गोळी बंद, कोणती नवी आणि कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे हे स्पष्ट लिहिले आहे की नाही ते पाहावे. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू शोधणाऱ्या तपासणीचा, अंतिम रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि तोवर रुग्ण बहुधा घरी पोहोचलेला असतो, म्हणून तो रिपोर्ट कोण पाहणार आणि कोणाला कळवणार, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.