माशांची दादागिरी आवरणारा ॲक्लिमेशन बॉक्स: घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा

मरीन टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, नवा मासा सोडला की जुने मासे त्याच्यावर धावून जातात. त्यावरचे बहुतेक उपाय पाणी डोक्यावरून गेल्यावर करायचे असतात. ॲक्लिमेशन बॉक्स, म्हणजे नव्या माशाला टँकमध्ये रुळवायचा डबा, हा त्याआधी करायचा उपाय आहे. पारदर्शक ॲक्रिलिकचा, भोकं किंवा चिरा पाडलेला हा डबा मॅग्नेटने टँकच्या आतल्या काचेला चिकटतो. नवा मासा आत राहतो, जुने बाहेरून त्याला बघतात, पाणी दोघांचं एकच असतं. टँग, डॉटीबॅक, सिक्सलाइन रास (wrasse) किंवा मोठी झालेली डॅमसेल असा भांडकुदळ मासा ज्या टँकमध्ये आहे, तिथे नवा मासा आणण्याआधी हा बॉक्स हाताशी असायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण किती दिवस ठेवायचा आणि कोणाला आत ठेवायचं, हे दोन निर्णय चुकले तर त्याचा काही उपयोग होत नाही.

आधी वस्तूबद्दल. २०×१०×१० सेंमीचा छोटा बॉक्स गोबी, ब्लेनी, फायरफिश आणि लहान क्लाउनफिशला पुरतो. टँगला नाही. सतत पोहणारा मासा एवढ्याशा जागेत तोंड भिंतीवर घासत राहतो आणि ओठांना जखम करून घेतो. ३०×१५×१५ सेंमीच्या बॉक्समध्ये सात-आठ सेंमीचा टँग आठवडाभर तग धरतो. त्याहून मोठ्या टँगसाठी बॉक्सचा नाद सोडावा.

मासा राहील की निसटेल, हे चिरांच्या रुंदीवर ठरतं. चार-पाच मिलिमीटरच्या चिरा बहुतेक माशांना चालतात, मात्र अगदी बारीक गोबी त्यातूनही सटकतात. चिरा फार रुंद असल्या तर उलटा त्रास होतो: आतला मासा कडेला टेकला की बाहेरचा त्याचे पर कुरतडतो. गोल भोकांचे बॉक्स या बाबतीत जास्त सुरक्षित असतात, पण त्यांतून पाणी कमी खेळतं. म्हणून बॉक्स वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) थेट झोतात नको, पण वाहत्या पाण्याच्या वाटेवर हवा. टाकलेलं खाणं तळाशी जागच्या जागी पडून राहत असेल, तर प्रवाह कमी पडतोय असं समजावं.

झाकण नसलेला बॉक्स घेऊ नये. रास आणि फायरफिश उडी मारण्यात पटाईत असतात आणि बॉक्समधून उडी म्हणजे थेट दादाच्या पुढ्यात.

मॅग्नेट हा या वस्तूचा सगळ्यात कच्चा दुवा. तो किती जाडीच्या काचेसाठी आहे ते पाहून घ्यावं. १० मिलिमीटरसाठीचा मॅग्नेट १५ मिलिमीटरच्या काचेवर रात्रीतून घसरतो. आतल्या मॅग्नेटवरचं सील तडकलं की खारं पाणी शिरतं, गंज सुटतो आणि तो कोरलला (प्रवाळाला) घातक ठरतो. दर वापराआधी कडांवर तपकिरी डाग दिसतोय का ते तपासावं. दिसला तर तो मॅग्नेट पाण्यात जाता कामा नये. सक्शन कपवाले बॉक्स स्वस्त पडतात, पण कपवर शेवाळ धरलं की पकड सुटते.

आता वापर. टँगच्या शेपटीच्या बुडाला धारदार काटा असतो आणि एंजलफिशच्या गालावरही काटा असतो. दोन्ही जाळीत अडकतात आणि सोडवताना माशाला इजा होते. म्हणून मासा बॉक्समध्ये हलवताना जाळी न वापरता प्लास्टिकचं भांडं वापरावं. बॉक्स अशा ठिकाणी लावावा की जुन्या माशांना जाता-येता दिसेल, पण दादाच्या बिळाला खेटून नको. डॉटीबॅकच्या गुहेसमोर बॉक्स लावला तर तो दिवसभर तिथेच ठिय्या देतो आणि शांत होतच नाही. आत लपायला पीव्हीसीचा एक एल्बो (पाइपचा वाकडा तुकडा) टाकावा. त्याहून जास्त आडोसा नको, कारण नवा मासा नजरेस पडत राहणं हाच तर उद्देश आहे. दिवा प्रखर असेल तर पहिले दोन दिवस तो मंद ठेवावा.

किती दिवस? तीन ते सात असं सर्रास सांगितलं जातं. अंदाज म्हणून ते ठीक, पण बॉक्स उघडण्याचा निर्णय दिवस मोजून घेऊ नये. बाहेरचा मासा काय करतोय, त्यावर घ्यावा. पहिल्या दिवशी टँग बॉक्ससमोर येतो, पाठीचा पर ताठ उभारतो, अंग आडवं करून शेपटीचा काटा बॉक्सकडे वळवतो. पुढे हे प्रदर्शन विरळ होतं. तो बॉक्सजवळून जाताना वळतही नाही, आणि बॉक्सला लावलेल्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा आतल्या माशाकडे लक्ष न देता खातो, तेव्हा वेळ झाली. दुसरी अट आतल्या माशाची: त्याने दिवसातून दोनदा नीट खाल्लं पाहिजे. मायसिस (खाणं म्हणून मिळणारे बारीक कोळंबीसारखे जीव) पिपेटने थेट आत सोडावेत आणि उरलेले तासाभरात काढून घ्यावेत. उपाशी मासा बाहेर सोडला तर तो लपून बसतो, आणि लपणाऱ्याचा पाठलाग जास्त होतो.

क्लाउनफिशची खूण वेगळी असते. जोडीत मोठी असते ती मादी, आणि सत्ता तिची. ती बॉक्सवर तोंड वासून येते तेव्हा आतला छोटा मासा अंग कलतं करून थरथरला, तर त्याने हार मानली असं समजावं. ही थरथर दिसली की जोडी जमण्याची शक्यता बरीच वाढते. तो उलट अंगावर जात असेल तर बॉक्स उघडू नये. मादीपेक्षा स्पष्टपणे लहान मासा आणणं इथे अर्धं काम करतं. मरून क्लाउनच्या मादीबाबत मात्र आठवडाभर शांतता दिसली तरी भरवसा ठेवू नये.

सोडताना आधी सगळ्यांना पोटभर खायला घालावं, दिवे मंद करावेत, झाकण उघडून नव्या माशाला आपणहून बाहेर येऊ द्यावं. रिकामा बॉक्स लगेच काढू नये, कदाचित परत लागेल. थोडा पाठलाग चालतो. पर फाटले तरी भरून येतात. पण नवा मासा पृष्ठभागाच्या कोपऱ्यात थिजून उभा असेल, श्वास धापांसारखा चालू असेल आणि दुसऱ्या दिवशीही खात नसेल, तर त्याला परत आत घ्यावं.

इथे बॉक्सचा माझ्या मते सर्वांत चांगला उपयोग येतो, जो फार कमी लोक करतात: दादालाच आत ठेवायचं. सिक्सलाइन रास किंवा डॅमसेल एकटीच सगळ्यांना छळत असेल, तर तिला पाच-सात दिवस बॉक्समध्ये बसवावं. तेवढ्यात नवा मासा बिळं शोधतो, खाण्याची जागा ठरवतो. त्याच वेळी दोन-चार दगड हलवले तर जुनी हद्द मोडते आणि बाहेर आल्यावर तिलाही नव्याने सुरुवात करावी लागते. तिला पकडण्यासाठी सरकत्या दाराचा बॉक्स कामी येतो. काही दिवस दार उघडं ठेवून फक्त आतच खाणं टाकावं, ती बिनधास्त आत जायला लागली की दोरी सोडून दार पाडावं.

पर्यायांपैकी एगक्रेटची (चौकोनी घरांची कडक प्लास्टिक) जाळी लावून टँक दुभागणं रिकाम्या टँकमध्ये छान जमतं. लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले सच्छिद्र समुद्री दगड) असेल तर दगडांमागे फट राहतेच आणि मासा नेमका तीच शोधतो. टँगसाठी बाहेरून काचेवर आरसा लावला तर तो प्रतिबिंबाशी भांडत राहतो. काही तासांसाठी हे ठीक, पण दिवसेंदिवस ठेवलं तर मासा दमतो. कापडी जाळीचे ब्रीडर बॉक्स या कामाला नकोत: आतलं धड दिसत नाही आणि काटे अडकतात.

काही गोष्टी या बॉक्सच्या आवाक्याबाहेर आहेत. पाणी एकच असल्यामुळे मरीन इकसारखा (परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येणारा) रोग थेट टँकमध्ये पसरतो, तेव्हा क्वारंटाइन आधी आणि बॉक्स नंतर. वाळूत झोपणाऱ्या लेपर्ड रासला आत वाळूचं भांडं दिलं नाही तर ती खचते. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड (दगडांवरचे अतिसूक्ष्म कवचधारी जीव) वेचून खातो, त्यामुळे बॉक्समध्ये तो उपाशीच राहतो. आणि लहान टँकमध्ये एकाच आकाराचे, एकच खाणं खाणारे दोन टँग कोंबले असतील, तर बॉक्स भांडण फक्त पुढे ढकलतो. तिथे एक मासा परत देणं हाच उपाय.

काम झालं की बॉक्स गोड्या पाण्याने धुवावा. चुन्याचे डाग असतील तर पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावा आणि मऊ कापडाने पुसावा. काच पुसायचं स्प्रे किंवा अल्कोहोल लावू नये, त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. मॅग्नेट पूर्ण कोरडे करून वेगळे ठेवावेत.