विमानप्रवासासाठी सायकलची मऊ बॅग

आत ॲल्युमिनियमची चौकट, बाहेर जाड फोम भरलेलं कापड आणि खाली छोटी चाकं अशी ही बॅग. परदेशी सायकल न्यायला मी हीच वापरते, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याकडे आता परत जाणार नाही. खोकं दुकानात बहुधा फुकट मिळतं, पण पावसात भिजलं की त्याचा लगदा होतो आणि येताना नवीन शोधत फिरावं लागतं.

कडक प्लॅस्टिकची पेटी नको म्हटलं ते वजनामुळे. अनेक विमान कंपन्या एका नगाला २३ किलोपर्यंतच सूट देतात आणि ३२ च्या वरचा नग सहसा घेतच नाहीत. माझी बॅग ८ किलोची, सायकल साडेनऊची. उरलेल्या साडेपाच किलोंत हेल्मेट, बूट, पंप आणि हत्यारं बसतात. पेट्या रिकाम्याच ११-१२ किलो भरतात.

तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) चौकटीला पक्के आवळता येतात, त्यामुळे फ्रेम आत हलतच नाही. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, मात्र बॅगेच्या भरवशावर सोडू नका. बॅग त्या कुशीवर पडली की हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो, मग गिअर नीट बसत नाहीत. ५ मिमीची ॲलन की (षटकोनी चावी) लावून डिरेलर सोडवायचा, कापडात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या नळ्यांच्या मधे झिप टायने बांधायचा. सुटा हँगर सोबत हवाच, कारण जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडच्या मधे प्लॅस्टिकची चकती घाला, नाहीतर लिव्हर दाबला गेला की पॅड जवळ येतात आणि मग डिस्क आत जात नाही. हो, पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात!

विमानात बाहेरचा दाब कमी होऊन टायर फुटेल म्हणून हवा पूर्ण सोडायला सांगतात, ते मला पटत नाही. बाहेरचा दाब अगदी शून्यावर गेला तरी टायरवर जास्तीचा भार जेमतेम १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) येईल. थोडी हवा ठेवली तर रिमही सुरक्षित राहते.

दोन उणिवा आहेत. चाकं फारच लहान, खडबडीत रस्त्यावर बॅग ओढवत नाही. खांद्याचा पट्टाही अरुंद आहे, काचतो.

उतरल्यावर बॅग विमानतळावरच उघडा. मोडतोड दिसली तर तिथेच तक्रार नोंदवा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार लेखी तक्रारीला सातच दिवस मिळतात.