मोजे न काढता झालेली पायांची तपासणी

गेल्या मे महिन्यात आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या हॉलबाहेर फलक लागला : 'मधुमेहींसाठी पायांची तपासणी, मोफत'. फुकट म्हटल्यावर मी पहिल्या दहांत होतो. १४ वर्षांची शुगर, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) साडेआठच्या आसपास घुटमळणारं. रात्री पायांना मुंग्या यायच्या, पण त्या मी 'वय झालं' या खात्यात जमा करून टाकल्या होत्या. (बँकेत ३४ वर्षं काढली, सवय जात नाही.)

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेला एक पितळी दांडा. तो मुठीत धरायचा. मिनिटभरात पडद्यावर दोन लालभडक तळवे उमटले. पांढऱ्या कोटातला मुलगा म्हणाला, "काका, अठरा महिन्यांत पाय बधिर होणार. शक्यता ७८ टक्के." शेजारी काळ्या पडलेल्या बोटांच्या फोटोंची फाईल मुद्दाम उघडी ठेवलेली. मग उपाय आला : २१ बैठका, तेल आणि चुंबकाचे इनसोल मिळून १८,५०० रुपये, आजच भरले तर १४,८००. मी तिथेच यूपीआय केलं, तेही त्या मुलाच्या स्वतःच्या नावावर. पावती साध्या कागदावर, त्यावर फक्त 'थेरपी'.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, पाय तपासले म्हणता, मग मोजे कुठे काढले?" मी तिलाच गप्प केलं.

तीन आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट आला. ७८ चे ३१ झाले होते. मी पेढे वाटले आणि त्या खुशीत लक्ष्मी रोडवरून नवी कोल्हापुरी घेऊन, ती घालूनच डेक्कनपर्यंत चालत आलो. नवी कोल्हापुरी चावते हे कुणाला सांगायला नको. ही चावलीच नाही. दुकानदाराचं मनातल्या मनात कौतुक करतच घरी पोचलो.

"फरशीवर हे कुंकू कुठून सांडलं?" हिने विचारलं. दारापासून सोफ्यापर्यंत ठिपके होते. उजव्या करंगळीखालचा फोड फुटून कातडं लोंबत होतं आणि मला काही म्हणजे काहीच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेलो. जखम धुऊन झाल्यावर त्यांनी आडवं पडून डोळे मिटायला सांगितलं. "पायाला काही लागलं की हो म्हणा." मी पडून राहिलो. बराच वेळ गेला, म्हणून विचारलं, "मॅडम, सुरू कधी करताय?" त्या म्हणाल्या, "सहा ठिकाणी झालं, आजोबा."

त्यांच्या हातात नायलॉनचा एक जाड धागा होता, मोनोफिलामेंट. १० ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. तो दाबही कळत नसेल तर पायाची राखण करणारी संवेदना गेलेली असते. मग अंगठ्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा चिमटा) ठेवला आणि शेवटी बायोथेसिओमीटर लावला. यात कंपन हळूहळू वाढवत नेतात आणि कितव्या व्होल्टला कळलं ते बघतात. २५ च्या वर गेलं की पायाला अल्सर, म्हणजे चिघळणारी जखम, होण्याचा धोका बराच. माझे डावा २९, उजवा ३३.

म्हणजे अठरा महिन्यांनी जाणार म्हणून ज्यासाठी मी पैसे भरले, ते आधीच गेलं होतं. पैशांपेक्षा मला तो ३१ चा आकडा जास्त झोंबतो. तो नसता तर मी रात्री तळवे बघत राहिलो असतो.

संवेदना जाण्याचा अंदाज बांधताच येत नाही असं नाही. शुगर किती वर्षांची, एचबीएवनसी किती, वय, उंची (उंच माणसाच्या नसा लांब, त्यांना धोका जास्त), सिगारेट, किडनी हे सगळं डॉक्टर बघतात. पण त्यावरून धोका कमी की जास्त एवढंच सांगतात, महिना-तारीख कुणी देत नाही. टाइप २ असेल तर निदान झाल्यापासूनच वर्षातून एकदा पाय तपासायचे असतात, हे मला १४ वर्षांत माहीत नव्हतं. यात चूक माझीही. मेटफॉर्मिनमुळे बी१२ कमी होऊनही पाय बधिर होतात, म्हणून तीही तपासणी झाली.

घरच्या घरी करायची एक चाचणीही मॅडमनी हिला शिकवली. डोळे मिटायला लावून दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला एकेक करून तर्जनी एक-दोन सेकंद नुसती टेकवायची. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त चुकली तर डॉक्टर गाठायचे. माझी चार चुकतात.

त्या मुलाचा फोन बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, अजून उत्तर नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा त्यांचं पत्रक असेल तर फेकू नका, तक्रारीला जोडता येतं. माझं रद्दीत गेलं.

हल्ली वारज्याकडे अशीच शिबिरं होतात, असं दूधवाल्याकडून कळलं. टेबलावर पितळी दांडा दिसला तर आधी मोजे काढून पाय पुढे करा आणि ते काय करतात ते बघा.