तोंडी गोठा, कागदावर गोदाम

संगमनेर तालुक्याच्या पठार भागात एकाच पत्र्याच्या शेडखाली एका बाजूला गाई आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र ठेवण्याची पद्धत बरीच रुळली आहे. जागा वाचते, छताचा खर्च एकदाच होतो आणि रात्री राखणीसाठी एकाच ठिकाणी लक्ष ठेवावे लागते, म्हणून ती पद्धत मुळात चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. मात्र या दुहेरी वापराच्या गरजेचा फायदा घेऊन एका शेड उभारणाऱ्या ठेकेदाराने आमची जी फसवणूक केली, ती जशी घडली तशी येथे नोंदवत आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव देत नाही. नावापेक्षा त्याची पद्धत ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे, कारण त्याच पद्धतीने काम करणारे इतरही अनेक जण गावोगाव फिरत आहेत.

आम्हाला ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद शेड हवे होते. निम्म्या भागात सहा संकरित गाई आणि पुढे वाढणाऱ्या कालवडी राहणार होत्या आणि उरलेल्या निम्म्या भागात अवजारे. ठेकेदार घरी आला, जागा पाहिली, गाई पाहिल्या, ट्रॅक्टरची उंची मोजली आणि वडिलांना म्हणाला, “काका, गोठा आणि गोदाम दोन्ही एकात बसवून देतो, पंधरा वर्षं पत्र्याकडे बघायचं काम नाही.” त्याच्या कोटेशनमध्ये ०.५० मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा, अॅल्युमिनियम-जस्ताचा दर चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप, पर्लिनसाठी, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या नळ्यांसाठी, ५० बाय ५० मिलिमीटरची ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी, कडेला ११ फूट आणि मध्यावर १४ फूट उंची, तीन फूट खोल पाया असा सगळा तपशील होता. हे कोटेशन त्याच्या सहीचे आहे आणि आज तेच आमच्या हातातले मुख्य कागदपत्र आहे.

काम संपल्यावर मिळालेल्या पक्क्या बिलावर मात्र ‘शेतीसाठी शेड उभारणी, १ नग’ एवढीच ओळ होती. जाडी नाही, लेप नाही, वजन नाही. पत्र्याच्या हमीपत्रावर वापराच्या रकान्यात त्याने ‘गोदाम’ असे लिहिले होते. त्याबद्दल विचारले तेव्हा कंपनीच्या अर्जात शेतीचा वेगळा रकाना नसतो, असे त्याने सांगितले. ही एक नोंद पुढे किती महागात पडणार होती, हे त्याला पक्के ठाऊक होते.

अॅल्युमिनियम आणि जस्ताचा एकत्र लेप असलेला पत्रा, ज्याला बाजारात गॅल्व्हल्यूम म्हणतात, पावसात आणि उन्हात साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा चांगला टिकतो. परंतु अॅल्युमिनियमला अल्कली (क्षार) सोसत नाही. गाईंच्या मूत्रातून सतत अमोनिया सुटतो, जनावरांच्या श्वासातून आणि धुतलेल्या फरशीवरून वाफ वर जाते, पहाटे थंड पडलेल्या पत्र्याच्या खालच्या बाजूला तिचे पाणी होते आणि त्या पाण्यात अमोनिया विरघळला की पत्र्याला खालून अल्कलीयुक्त ओल लागून राहते. वरून पाऊस निदान पत्रा धुऊन काढतो, खालच्या बाजूला तसे धुणारे काहीच नसते. म्हणूनच अशा पत्र्याच्या हमीच्या अटींमध्ये जनावरांचे बंदिस्त निवारे आणि खतांचा साठा बहुधा वगळलेला असतो. जो माणूस वर्षानुवर्षे हाच पत्रा विकतो त्याला ही अट माहीत नसेल, यावर विश्वास ठेवणे शक्य नाही. तोंडाने गोठा सांगून पत्रा विकायचा, कागदावर गोदाम लिहून विक्री निर्वेध करून घ्यायची आणि तक्रार आली की कंपनीकडे बोट दाखवायचे, असा हा सरळ हिशेब होता. आम्ही तक्रार केली तेव्हा कंपनीचा प्रतिनिधी आला, गाईंच्या डोक्यावरचा डागाळलेला पत्रा पाहिला, हमीपत्र पाहिले आणि नोंदवलेला वापर व प्रत्यक्ष वापर वेगळा असल्याने हमी लागू होत नाही, असे लिहून देऊन गेला.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट उघड झाली. पत्र्याच्या खालच्या बाजूला ठरावीक अंतरावर उत्पादकाचे नाव, जाडी आणि लेपाची माहिती छापलेली असते. आमच्या दर्शनी बाजूच्या काही पत्र्यांवरचा छाप अस्सल होता. मागच्या उतारावरच्या पत्र्यांवर त्याच नावाशी मिळतेजुळते, एका अक्षराने वेगळे नाव होते आणि जाडीचा आकडा कुठेच नव्हता. एक पत्रा उतरवून काट्यावर ठेवला. सव्वा मीटरपेक्षा किंचित कमी रुंदीच्या सपाट पट्टीतून घडवलेला १६ फुटी पत्रा ०.५० मिलिमीटरचा असेल, तर लेप आणि रंग धरून त्याचे वजन २२ किलोच्या आसपास भरायला हवे. आमचा पत्रा पंधरा किलोसुद्धा भरला नाही. म्हणजे जाडी ०.३५ च्या घरातली होती आणि त्यातले मूळ पोलाद जेमतेम ०.३० मिलिमीटर. जाडीच्या बाबतीत आणखी एक फसवा भाग असा की काही विक्रेते रंग आणि लेप धरून एकूण जाडी सांगतात, तर काही मूळ पोलादाची सांगतात, आणि या दोन्हींत ०.०५ मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त फरक पडू शकतो. त्यामुळे नुसता ‘५० चा पत्रा’ या शब्दांना अर्थ नाही. मूळ पोलादाची जाडी किती, हे लिहून घ्यावे आणि माल उतरताना प्रत्येक लांबीचा एक तरी पत्रा तोलावा. रंगाखाली झाकलेली फसवणूक काट्यावर लपत नाही.

नळ्यांच्या बाबतीत त्याने अधिक हुशारी केली होती. सगळ्या पर्लिनच्या उघड्या तोंडांवर ‘आत पाणी आणि गांधील जाऊ नये म्हणून’ चौकोनी पट्ट्या वेल्डिंग करून ती बंद केली होती. दिसायला काम नीटस वाटत होते, पण तोंड बंद झाले की नळीच्या भिंतीची जाडी मोजताच येत नाही. पुढे पंखा टांगण्यासाठी भोक पाडले तेव्हा भिंत दोन मिलिमीटरची निघाली. ५० बाय ५० ची ६ मीटर लांब नळी ३ मिलिमीटरची असेल तर २५-२६ किलो भरते, २ मिलिमीटरची १७-१८ किलो. म्हणजे दर नळीमागे जवळपास तिसरा हिस्सा पोलाद त्याने खाल्ले होते.

उंचीही त्याने कमी केली. कडेला अकराऐवजी नऊ फूट भरते. खांब गाडताना ‘पाया खोल घेतला म्हणून वर कमी दिसतंय’ असे त्याने गवंड्यासमोर सांगितले. पुढे एक खांब उकरला तेव्हा पाया दीड फुटावर संपला होता. खांबाच्या तळाच्या लोखंडी पट्टीला काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट नव्हते, गजाचे आखूड तुकडे नुसते टाचून ठेवले होते. एप्रिलमध्ये या नऊ फुटी पत्र्याखाली दुपारी गाई तोंड उघडून धापा टाकत उभ्या राहत. होल्स्टीन या विदेशी जातीच्या रक्ताच्या संकरित गाईला पंचवीस अंशांच्या पुढचे तापमानच जड जाऊ लागते, आणि येथे तर डोक्यावर तापलेला पत्रा आणि आढ्याला हवा जाण्यासाठी फटही नाही, कारण अवजारांकडे पाणी येईल म्हणून त्याने आढे पूर्ण बंद केले होते. दूध घटले, एक गाय गाभण राहिली नाही. या नुकसानीची रक्कम मांडणे अवघड आहे, पण आम्हाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तीच आहे, कारण त्या मुक्या जनावरांनी काहीच कारण नसताना ते सोसले.

वळवाच्या वादळात अवजारांकडच्या टोकाचे पत्रे उचलले गेले. याचेही कारण दुहेरी वापरातच होते. गोठ्याची बाजू मोकळी आणि गोदामाच्या तिन्ही बाजू बंद असल्या की गोठ्याकडून शिरलेला वारा बंद टोकाला कोंडतो आणि पत्र्याला आतून वर ढकलतो, त्याच वेळी छतावरून जाणारा वारा त्याला बाहेरून ओढतो. पूर्ण मोकळ्या किंवा पूर्ण बंद शेडपेक्षा अशा शेडवर ताण जास्त येतो आणि म्हणून मधली भिंत छतापर्यंत न्यावी लागते, कडेच्या पट्ट्यात स्क्रू दाट घ्यावे लागतात आणि पाया तर मजबूत लागतोच. बांधकामांवरील वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासारख्या ठिकाणीही वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. ठेकेदाराने मधली भिंत कमरेइतकीच ठेवली होती. त्यामुळे वादळाच्या आधीच गोठ्यातली वाफ पलीकडे जाऊन पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या चकत्या आणि साखळ्या गंजल्या होत्या. खतांच्या गोण्यांसाठी त्याने आखलेली जागा गव्हाणीला लागून होती. गाईने सांडलेला युरिया चाटला तर तिच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ती मांडणी मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यात मोडली.

अनुदानाच्या नावाखाली घेतलेले पैसे वेगळेच. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयानुसार, दोन ते सहा गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये ठरवलेले होते. ही रक्कम मिळवून देतो, असे सांगून त्याने ‘फाइल’साठी रोख रक्कम घेतली. प्रत्यक्षात त्या योजनेचे काम रोजगार हमीतून होत असे, अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा लागे, गोठ्याचे माप २६.९५ चौरस मीटर आणि मूत्रसंचयाचे २५० लिटरचे टाके असा आराखडा ठरलेला असे आणि अवजारांच्या शेडचा त्यात संबंध नसे. ग्रामपंचायतीत चौकशी केली तेव्हा आमच्या नावाचा अर्जच आलेला नव्हता. कोणताही खासगी ठेकेदार अनुदान मंजूर करून देण्याची भाषा करू लागला, तर रक्कम देण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन खात्री करावी.

आता आम्ही मधली भिंत वरपर्यंत नेली आहे, गोठ्याच्या भागावर सिमेंटचे पत्रे घातले आहेत आणि आढ्याला हवेसाठी फट ठेवली आहे. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही. शेड व्यापारी कारणासाठी घेतले, असा बचाव ठेकेदाराने घेतला आहे, पण स्वतःच्या चरितार्थासाठी स्वतः राबून चालवलेला व्यवसाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणात धरलेला नाही. सहीचे कोटेशन, एक ओळीचे बिल, गोदाम लिहिलेले हमीपत्र, वजनकाट्याची पावती, कापलेल्या नळीचा तुकडा आणि उकरलेल्या पायाची छायाचित्रे आम्ही जोडली आहेत. ज्यांच्या हमीपत्रावर वापर म्हणून गोदाम लिहिले आहे आणि पत्र्याखाली गाई उभ्या आहेत, त्यांनी ठेकेदाराला उरलेली रक्कम देण्यापूर्वी ती नोंद लेखी दुरुस्त करून मागावी, आणि तो टाळाटाळ करू लागला तर तक्रारीचे कारण घडल्यापासूनची दोन वर्षांची मुदत उलटण्याआधी आयोगाकडे जावे.