कॅम्परच्या टायरांवर नजर: टीपीएमएस वापरून पाहिल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ट्रॅव्हलर कॅम्परला, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीला, बाहेरून बसणारा टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब चालता चालता दाखवणारी यंत्रणा) लावला. व्हॉल्व्हवर टोपणासारखे सेन्सर आणि डॅशबोर्डवर छोटी स्क्रीन, एवढाच पसारा. आता उन्हाळाही काढून झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

टायर फुटतो एका क्षणात, पण बहुतेक वेळा त्याची तयारी आधीच सुरू झालेली असते. हवा कमी होते, टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्याने तो तापतो आणि आतले थर सुटायला लागतात. आमच्या गाडीला मागे जोडटायर आहेत. त्यातला आतला बसला तरी बाहेरचा वजन उचलून धरतो. गाडी झुकत नाही, स्टिअरिंगवर काही जाणवत नाही. ट्रकचे क्लीनर ढाब्यावर उतरले की टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोकून आवाज ऐकतात ते याचसाठी.

ताम्हिणीला निघालो होतो तेव्हा या टीपीएमएसची किंमत कळली. पिरंगुट सोडल्यावर मागच्या डाव्या आतल्या टायरचा आकडा ५४ पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं एकक) उतरायला लागला. धावता टायर तापतो, त्यामुळे आकडा चढायला हवा. उतरतोय म्हणजे गळती नक्की. ४६ दिसल्यावर पौडजवळ गाडी बाजूला घेतली. पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी मारलं. टायर ठणठणीत, पण व्हॉल्व्ह लांब करायला सेटसोबत आलेल्या रबरी नळीच्या जोडापाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. म्हणजे गळती या सेटनेच आणलेली, आणि पकडलीही त्यानेच! नळी काढून धातूची बसवली, तेव्हापासून तक्रार नाही. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून धातूचेच व्हॉल्व्ह आणि धातूच्याच नळ्या लावून घ्या. सेन्सरचं वजन रबरी व्हॉल्व्हला झेपत नाही.

दुसरी गोष्ट सेटिंगची. आमच्या सेटमध्ये हवा २५ टक्के उतरल्यावर अलार्म वाजेल असं आधीपासून होतं. भरलेल्या कॅम्परसाठी हे फार उशिराचं आहे. मी १० टक्क्यांवर आणलं. उन्हाळ्यात सकाळचे ५४ दुपारी ६०-६१ होतात, उन्हाकडच्या बाजूचे टायर आणखी थोडे वर. हे साहजिक आहे. गरम टायरची हवा काढू नका, गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर धावेल. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधीच तपासायची.

सेन्सरला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. खड्ड्यात बाजूला बसलेला मार त्याला दिसत नाही, टायरचं वयही नाही. कॅम्पर उभीच जास्त असते. नक्षी शाबूत राहते आणि रबर म्हातारं होतं. टायरवर २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. वजनाचंही तसंच. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर बॅटऱ्या, फर्निचर, सिलिंडर. सगळं भरून वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी मोजा.

आणि एवढं करूनही फुटलाच तर? बायको आणि मी दोघंही गाडी चालवतो, म्हणून हे एकमेकांना तोंडपाठ म्हणून दाखवलंय: ब्रेकला पाय लावायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची. अॅक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, हळूहळू सोडायचा. वेग आपोआप उतरला की इंडिकेटर देऊन कडेला. पुढचा फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचा फुटला तर शेपूट हलवते. दोन्हीत घाबरून मारलेला ब्रेकच गाडी फिरवतो. एक्स्प्रेसवेवर १०० ची परवानगी आहे म्हणून कॅम्पर १०० ने हाकणं मला पटत नाही. आम्ही ८० च्या आतच असतो.

सेन्सरचे सेल आता संपत आलेत, स्क्रीनवर दोन टायरांपुढे बॅटरीची खूण येतेय. या आठवड्यात सगळे बदलतोय, आणि स्टेपनीसाठी सातवा सेन्सरही मागवलाय.