घराजवळचं झाड: विरळणी, शेंडेतोड, दोर की थेट कुऱ्हाड?

टिनाच्या छपरावर कडुनिंब झुकलाय आणि अवकाळीचे दिवस तोंडावर आलेत, अशा वेळी घरोघरी शेंड्याकडे बघून निर्णय होतो. आधी बघायचा असतो बुंधा.

झाडाभोवती एक फेरी मारा. झुकलेल्या बाजूच्या उलट अंगाला जमीन फुगून भेगाळली असेल, तर मुळं सुटायला लागली आहेत. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्या सगळीकडे असतात; एकाच अंगाला, बुंध्याभोवती गोलाकार आणि उचललेली भेग वेगळी ओळखू येते. मग कुऱ्हाडीच्या दांड्याने खोड ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, ढोली असेल तिथे ढोलासारखा आवाज येतो. बुंध्याला बुरशीच्या छत्र्या दिसल्या तर आत कूज आहे असं धरून चाला. शेवटी आठवून बघा, गेल्या दोन-चार वर्षांत शोषखड्डा, नळाची लाइन किंवा नाली कुठून खोदली? खोडाच्या जाडीच्या तिपटीच्या आत चर गेला असेल, तर त्या बाजूची आधाराची मुळं तुटलेली असतात. वर पाला हिरवागार असतो, म्हणून कोणाला शंका येत नाही.

यातलं काही ठळक दिसलं आणि झाड घरावर किंवा गोठ्यावर पडू शकत असेल, तर तोडणं हीच बरी वाट. बुंधा पक्का असेल, तर उरलेल्या तिघांत निवड करा.

शेंडेतोड गावात जास्त चालते, कारण ती स्वस्त पडते. एक माणूस चढतो, अर्ध्या दिवसात झाड बोडकं करतो. पाला शेळ्यांना, फाटे चुलीला. पहिल्या वर्षी वारा लागायला काही उरतच नाही, त्यामुळे काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण तोडलेल्या टोकाशी धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. मूळ फांदी खोडाच्या लाकडात आतपर्यंत रुतलेली असते. हे धुमारे फक्त सालीलगतच्या थराला धरून असतात. खाली खुंट पावसाने कुजत जातो, वर धुमारे मनगटाएवढे होतात, आणि तीन-चार वर्षांनी तेच उचकटून टिनावर येतात. म्हणजे दर दोन वर्षांनी पुन्हा माणूस चढवायची तयारी असेल तरच हा सौदा स्वस्त.

विरळणीला, म्हणजे निवडक फांद्या काढून झाड हलकं करायला, वेळ आणि जाणता माणूस लागतो, पण छपराजवळच्या धडधाकट झाडाला आमची पसंती हिलाच. संत्र्याच्या झाडाची सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढतात तशी सुरुवात करा: आधी वाळलेल्या फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग छपरावर आलेल्या. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, त्यापेक्षा जास्त नाही. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला झुपके ठेवणं ही नेहमीची चूक. सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी वाऱ्यात झोके घेऊन मधेच मोडते.

मनगटापेक्षा जाड फांदीला तीन काप द्या, आणि तेही करवतीने. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या चार बोटं पुढे, वरून. इथे फांदी खाली पडते. खालचा काप नसेल तर पडती फांदी खोडाची साल हातभर सोलून नेते. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढायचा, पण खोडाशी सपाट नव्हे. फांदी फुटते तिथे सुरकुतलेली फुगीर कड असते, तिच्या बाहेरून कापा; जखम भरून येते ती त्या कडेतूनच. संत्र्या-आंब्याच्या कापावर बुरशी रोखायला बोर्डो पेस्ट लावतात (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). डांबर नको.

कडुनिंबाला डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. आंब्याला तेव्हा मोहर असतो, म्हणून त्याचं काम फळं उतरल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वादळासाठी.

दोर-टेकू लहान रोपाला ठीक. दोन बाजूंना दोन बांबू, उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर सायकलच्या ट्यूबचा इंग्रजी आठासारखा सैल फास, आणि वर्षभरात तो काढायचा. घट्ट बांधलेलं रोप हलत नाही, म्हणून त्याचं खोड जाडही होत नाही. मोठ्या झाडाच्या बेचक्याला तार गुंडाळणं मात्र घातकच. कपडे वाळवायची तार खोडात रुतून गळा आवळते आणि झाड नेमकं तिथेच मोडतं. पोलादी दोर लावायचा तर फांदीच्या आरपार बोल्ट घालून, बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या दोन तृतीयांश उंचीवर. हे गावात क्वचितच नीट होतं. त्यापेक्षा एका फाट्याचं वजन कमी करणं सोपं.

तोडायचं ठरलंच, तर झाड कोणतं ते बघा. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या आवारात असली तरी परवानगी लागते. आणि कोणतीही फांदी विजेच्या तारेला टेकत असेल, तर करवत खाली ठेवा. महावितरणला १९१२ वर फोन लावून लाइन बंद होईपर्यंत झाडावर कोणी चढू नये, ओल्या फांदीतूनही करंट उतरतो.